कोकण किनाऱ्यावर राहायला आलात? पाणी, कचरा, रस्ता, खाडी: कुठलं काम कुणाकडे

गेल्या काही वर्षांत आमच्या मालवण तालुक्यातल्या किनाऱ्यालगतच्या वाड्यांमध्ये बंद घरं पुन्हा उघडायला लागली आहेत. कुणी निवृत्तीनंतर वडिलोपार्जित घरी परतलंय, कुणी घाटावरून येऊन जागा घेऊन होमस्टे काढलाय, कुणी मुंबईची नोकरी इथे बसून करतंय. ही मंडळी भेटली की पहिल्या दोन महिन्यांत एकच प्रश्न विचारतात, "इथे तक्रार कुठे करायची?" शहरात महापालिकेचं नाव घेतलं की झालं. इथे नळ एकाचा, रस्ता दुसऱ्याचा, पुळण, म्हणजे किनाऱ्यावरची वाळू, तिसऱ्याची आणि बंधारा चौथ्याचा. मी अकरा वर्षांपूर्वी इथे आले, पुढे गावच्या पाणीपुरवठा व स्वच्छता समितीवर काम केलं. सुरुवातीला कुणीतरी सांगायला हवं होतं, ते सगळं क्रमाने लिहिते.

१. आपण कुणाच्या हद्दीत आहोत ते पाहा

तुमचं घर ग्रामपंचायतीत आहे की नगरपरिषद-नगरपंचायतीत, हे पहिलं. मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी, रत्नागिरी, चिपळूण, अलिबाग, श्रीवर्धन इथे नगरपरिषदा आहेत. कुडाळ, कणकवली, देवगड-जामसंडे, दापोली, गुहागर इथे नगरपंचायती झाल्या आहेत. पत्त्यात तालुक्याचं नाव असलं म्हणून घर शहराच्या हद्दीत असतंच असं नाही. घरपट्टीची पावती पाहिली की एका मिनिटात उलगडा होतो.

गावात असाल तर तुमच्यासमोर सरकारच्या दोन रांगा उभ्या आहेत. एक रांग ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद अशी. पंचायत समितीत गटविकास अधिकारी म्हणजे बीडीओ बसतात, जिल्हा परिषदेत मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणजे सीईओ. १९६१ च्या कायद्याने १ मे १९६२ पासून ही व्यवस्था चालू आहे. सिंधुदुर्गाची जिल्हा परिषद ओरोसला, म्हणजे सिंधुदुर्गनगरीत आहे आणि रायगडची अलिबागला. पाणी, प्राथमिक शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र, गावचे रस्ते, स्वच्छता ही या रांगेची कामं.

दुसरी रांग महसुलाची: तलाठी, मंडळ अधिकारी, तहसीलदार, प्रांत, जिल्हाधिकारी. जमीन, सातबारा, वाळू, आपत्ती, पंचनामा हे त्यांचं. ही दोन्ही माणसं, ग्रामसेवक आणि तलाठी, बऱ्याच गावांत एकाच आवारात बसतात, म्हणून नवखा माणूस गोंधळतो. त्यात २०२४ मध्ये पदनामं बदलली. ग्रामसेवक आता ग्रामपंचायत अधिकारी झाले आणि तलाठी ग्राम महसूल अधिकारी. गावात मात्र अजून सगळे जुनीच नावं घेतात, तुम्हीही घ्या. अर्जावर तेवढं नवं पदनाम लिहा.

२. नाव लावा, मत इथे आणा

घर विकत घेतलंत किंवा वारसाने आलं, तर ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये, म्हणजे आकारणीच्या वहीत, नाव लावून घ्या. घरपट्टी, पाणीपट्टी तिथून सुरू होते. नमुना ८ हा मालकीचा पुरावा नव्हे. जमिनीचे हक्क सातबाराच्या बाजूला पाहायचे.

दुसरी गोष्ट मताची, आणि ती बहुतेक जण टाळतात. ग्रामसभेचे सभासद म्हणजे गावच्या मतदारयादीतली माणसं. नाव मुंबईच्या यादीत असेल तर तुम्ही सभेत बसाल, पण ठरावाच्या वेळी तुमचा हात मोजला जाणार नाही. आधीचं मतदान दुसरीकडे असेल तर नमुना ८ भरून पत्ता बदलता येतो (हा निवडणूक विभागाचा नमुना, ग्रामपंचायतीच्या वहीशी त्याचा संबंध नाही). पहिल्यांदाच नाव घालायचं असेल तर नमुना ६.

३. ग्रामसभेला जा, आणि तयारीने जा

वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. बहुतेक गावांत त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखांच्या आसपास होतात. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातली कमी असेल ती. माणसं जमली नाहीत तर सभा तहकूब होते आणि पुढच्या सभेला गणपूर्ती लागत नाही. म्हणजे पहिल्या दिवशी पंचवीस माणसं आली म्हणून घरी गेलात, तर आठवड्याने पंधरा माणसं गावाचा वर्षाचा आराखडा मंजूर करतात. मी हे होताना पाहिलं आहे. तहकूब सभेची तारीख फळ्यावरून टिपून घ्या आणि तिलाही जा.

सभेत आयत्या वेळी उठून बोलणं आणि सभेआधी आपला विषय लेखी देणं, यांत फार फरक आहे. लेखी दिलेला विषय इतिवृत्तात येतो. इतिवृत्तात आला की ठराव होतो, ठरावाला क्रमांक मिळतो. पुढे पंचायत समितीत "गावाची मागणी आहे" असं कितीही सांगितलंत तरी तिथे पहिला प्रश्न येतो, "ठराव आहे का?"

ऑक्टोबरच्या सभेला तर चुकूच नका. पुढच्या वर्षाचा ग्रामपंचायत विकास आराखडा तेव्हाच आकाराला येतो. वित्त आयोगाच्या निधीतला मोठा वाटा पाणी आणि स्वच्छता यांच्यासाठीच बांधील असतो, त्यातून हायमास्ट दिवे लावता येत नाहीत. आराखड्यात काय धरलं आणि काय खर्च झालं हे ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर गावाचं नाव घालून कुणालाही पाहता येतं. सभेला जाण्यापूर्वी अर्धा तास ते वाचा.

सरपंचांशी, वाडीतल्या सदस्याशी आधी बोला. आपल्याकडे काका, वहिनी, तात्या अशी हाक मारून सुरुवात होते आणि त्यात खोटेपणा नाही, पुढची वीस वर्षं याच माणसांच्या शेजारी काढायची असतात. "तुमी खंयचे?" हा प्रश्न चौकशीचा नसतो. कुठल्या वाडीतले, कुणाच्या नात्यातले हे कळलं की तुम्हाला कुठे बसवायचं ते त्यांना कळतं.

४. पाणी

या विषयावर मी जरा जास्त लिहिणार आहे. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि एप्रिल-मे महिन्यांत त्याच गावांत विहिरीचा तळ दिसतो. घाटावरून आलेल्यांना हे पटत नाही. कारण आपल्या पायाखालीच आहे. इथला तांबडा दगड, जांभा, सच्छिद्र असतो. त्यात पाणी शिरतंही लवकर आणि उतारावरून झऱ्यांवाटे, व्हाळांतून (ओढ्यांतून) समुद्राकडे निघूनही लवकर जातं. किनाऱ्याजवळ आणखी एक अडचण असते. विहिरीवर मोठा पंप बसवून उपसा वाढवला की गोड पाण्याचा दाब कमी होतो, समुद्राचं पाणी आत सरकतं आणि विहीर मचूळ होते. एका घराने केलेला उपसा शेजारच्या तीन विहिरींना भोवतो. होमस्टे काढताना स्विमिंग टँकचा विचार मनात आला, तर आधी शेजाऱ्यांच्या विहिरी पाहून या.

नळाचं पाणी ग्रामपंचायतीची नळपाणी योजना देते. योजना बांधते बहुधा जिल्हा परिषदेचा ग्रामीण पाणीपुरवठा विभाग, मोठ्या प्रादेशिक योजना महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडे असतात. चालवायची मात्र गावाने. पंपाचं वीजबिल, नळ सोडणाऱ्या माणसाचा पगार, फुटलेली पाइप हे सगळं पाणीपट्टीतून भागवावं लागतं. जलजीवन मिशनमध्ये माणशी दिवसाला ५५ लिटर हे माप धरलं आहे. त्यात घर चालतं, बागेला पुरत नाही. नळाला मोटार लावणं हा तर गुन्हाच समजा. वाडीच्या शेवटच्या घरात त्या दिवशी पाणी पोचत नाही.

आता शुद्धतेचं. गावात एक जलसुरक्षक नेमलेला असतो. आमच्याकडे सगळे त्याला पाणीवालो म्हणतात. एकदा सकाळी साडेसहाला त्याच्याबरोबर टाकीवर गेले. त्याने बादलीत टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पावडर कालवली, चुनकळी तळाला बसू दिली आणि वरचं निवळ पाणी टाकीत ओतलं. हजार लिटरला साधारण पाच ग्रॅम हा हिशेब त्याला तोंडपाठ. अर्धा तास थांबून आम्ही वाडीच्या टोकाच्या नळावर गेलो. छोट्या काचेच्या नळीत पाणी घेऊन त्याने क्लोरीन तपासायच्या ओटी द्रावणाचे थेंब टाकले. पाणी हलकं पिवळं झालं. "पिवळा झाला मां? मगे पियाक हरकत नाय." टोकाच्या नळाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवं, तो पिवळा रंग म्हणजे तेच. पाण्याला टीसीएलचा वास येतो म्हणून तक्रार करणारे नवे रहिवासी मी पाहिले आहेत. वास अजिबात येत नसेल तेव्हा विचारायला जा.

आरोग्य विभाग वर्षातून दोनदा गावच्या पाण्याचे स्रोत तपासून ग्रामपंचायतीला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड देतो. तुमच्या गावाकडे कुठलं आहे ते कार्यालयात विचारा. लाल असेल तर ग्रामसभेत पहिला विषय तोच. स्वतःची विहीर असेल तर पावसाळ्याच्या तोंडी पाण्याचा नमुना प्राथमिक आरोग्य केंद्रामार्फत तपासायला द्या. शौचालयाचा खड्डा विहिरीपासून जमेल तितका लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला काढा. जांभ्यातून घाण पाझरत विहिरीत येते आणि डोळ्यांना दिसत नाही.

टंचाई आली तर टँकर थेट मागवता येत नाही. ग्रामपंचायतीचा ठराव पंचायत समितीत जातो, गटविकास अधिकारी आणि तहसीलदार मिळून पाहणी करतात, मग मंजुरी येते. याला वेळ लागतो. विहीर आटण्याची वाट न पाहता पाणी खाली जायला लागलं की सदस्याच्या कानावर घाला.

५. कचरा

इथला ओला कचरा ग्रामपंचायतीला द्यायचाच नसतो. माशाची खवलं, डोकी माडाच्या आळ्यात पुरतात, वर माती ओढतात. सोडणं (नारळाची सालं), झावळ्या, पातेरा (वाळका पाला) हे बागेचं खत. उरतं ते प्लास्टिक, काच, डायपर, पॅड आणि पर्यटकांच्या बाटल्या. सुका कचरा किती गावं गोळा करतात याचं चित्र सारखं नाही. काही ठिकाणी घंटागाडी येते, काही ठिकाणी महिन्यातून एकदा बचत गटाच्या बाया गोळा करतात, काही ठिकाणी काहीच नाही. तुमच्या गावात काय आहे ते विचारा आणि काहीच नसेल तर विषय लेखी द्या. तोवर धुऊन, वाळवून, पोत्यात भरून ठेवा. पुळणीत पुरू नका, परसात जाळू नका. पुरलेलं पहिल्याच उधाणात वर येतं.

हे जमतं का, असं वाटलं तर एकदा वेंगुर्ल्याला जाऊन या. तिथल्या नगरपरिषदेने कचरा डेपोच्या जागेचंच स्वच्छ भारत पर्यटन स्थळ केलं. घरातून वेगवेगळा येणारा कचरा पुढे अनेक प्रकारांत निवडतात, ओल्यापासून बायोगॅस होतो, प्लास्टिकचे तुकडे डांबरी रस्त्यात वापरले गेले. दुर्गंधीची जागा माणसं मुलांना घेऊन बघायला जातात. आधी घराघरांतून कचरा वेगळा आला, म्हणून हे झालं.

६. किनारा, खाडी, बांधकाम

ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला म्हणजे बांधकाम परवानगी, हा सगळ्यात महाग पडणारा गैरसमज. गावठाणाबाहेरची परवानगी महसूल आणि नगररचना विभागाच्या वाटेने येते. किनाऱ्याजवळ त्यावर सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचे नियम, लागू होतात. पहिली अधिसूचना १९९१ ची, सध्याची १८ जानेवारी २०१९ ची. भरतीच्या रेषेपासून जमिनीकडे ५०० मीटरपर्यंतचा पट्टा तिच्या कक्षेत येतो आणि विरळ वस्तीच्या गावांत पहिले २०० मीटर ना विकास क्षेत्र असतात. जागा दाखवणारा एजंट "सगळे बांधतात" म्हणेल. सौदा करण्यापूर्वी गट क्रमांक घेऊन किनारा व्यवस्थापन आराखड्याच्या नकाशावर जागा कुठे येते ते तपासा, इसार त्यानंतर.

कांदळवन कुणाच्याही सातबारात असलं तरी तोडता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. तोड किंवा भराव दिसला तर वन विभागाच्या कांदळवन कक्षाला कळवा. खाडीतले मासे, कोळंबी, कालवं यांची पिल्लं याच मुळांत वाढतात, आणि ज्या रापणकराकडून तुम्ही मासळी घेता त्याचं पोट त्यावर आहे.

पुळणीवर जांभळ्या फुलांची मर्यादवेल पसरलेली दिसेल. होमस्टेसमोर "स्वच्छ वाळू" हवी म्हणून ती उपटू नका, वाळू तिनेच धरून ठेवलेली असते. नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. मंडणगड तालुक्यातल्या वेळासने या कासवांसाठी नाव कमावलं, वेंगुर्ल्याच्या वायंगणीलाही ती येतात. त्या महिन्यांत समुद्राकडचे प्रखर दिवे रात्री बंद ठेवा आणि घरटं दिसलं तर हात न लावता वन विभागाला किंवा गावातल्या कासवमित्राला सांगा.

बाकी किनाऱ्याची वाटणी थोडक्यात अशी. धूपप्रतिबंधक बंधारा पतन विभागाचा. जेट्टी, फेरीबोट, जलक्रीडांचे परवाने महाराष्ट्र सागरी मंडळाकडे. खाडीकाठच्या शेतात खारं पाणी शिरलं तर खारभूमी विभाग. वाळूउपसा तहसीलदारांकडे. कारखान्याचं सांडपाणी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. मासेमारी मत्स्यव्यवसाय विभागाकडे, १ जूनपासून पावसाळी बंदी असते.

७. रस्ता कुणाचा, आणि अर्ज कसा

ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेचे, साकव (ओढ्यावरचे छोटे पूल) हेही बहुतेक त्यांचेच. प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचे. वाडीतली पाखाडी, म्हणजे दगडी पायवाट, ग्रामपंचायतीची.

माझ्या दुसऱ्या पावसाळ्यात घरासमोरची रस्त्याखालची मोरी गाळाने बुजली. रस्त्याचं पाणी खळ्यातून थेट स्वयंपाकघरात आलं. मी एका कार्यालयात तीनदा गेले, तोंडी सांगितलं, तीनदा "बघतो" ऐकलं. चौथ्या वेळी तिथल्या एका जुन्या कारकुनाने रस्त्याचा क्रमांक काढून दाखवला. रस्ता त्यांचा नव्हताच. योग्य कार्यालयात लेखी अर्ज गेला आणि मोरी मोकळी झाली, पण तोवर गणपती येऊन गेले होते. त्या वर्षी घरात ओल्या जमिनीवर पाट मांडून आम्ही गणपती बसवला. तेव्हापासून मी तोंडी काही सांगत नाही.

अर्ज एका पानाचा, साध्या मराठीत:

"विषय: अमुक वाडी येथील मोरी साफ करणेबाबत. महोदय, अमुक ते अमुक या रस्त्यावर, अमुक यांच्या घराजवळील मोरी गाळाने बंद आहे. पावसाचे पाणी चार घरांत शिरते. ७ जून रोजी काढलेली छायाचित्रे सोबत जोडली आहेत. मोरी साफ करून मिळावी. रस्ता आपल्या अखत्यारीत नसल्यास अर्ज संबंधित कार्यालयाकडे पाठवून मला कळवावे."

शेवटचं वाक्य विसरू नका. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. खाली चार घरांच्या सह्या असतील तर उत्तम. उत्तर नाही आलं तर महिन्याभराने त्याच आवक क्रमांकाचा हवाला देऊन स्मरणपत्र, मग गटविकास अधिकारी, मग आपले सरकार पोर्टल किंवा जिल्हाधिकारी कार्यालयातला पहिल्या सोमवारचा लोकशाही दिन. अर्जाचं पुढे काय झालं हे माहिती अधिकारात १० रुपये शुल्क भरून विचारता येतं, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. दाखल्यांसाठी २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे, कुठला दाखला किती दिवसांत द्यायचा याचा फलक कार्यालयात लावलेला असतो.

८. दवाखाना

प्राथमिक आरोग्य केंद्र कुठे आहे, तिथे रात्री कोण असतं आणि सर्पदंशावरचं प्रतिविष आहे का, हे पहिल्याच आठवड्यात विचारून ठेवा. रुग्णवाहिकेसाठी १०८. भातलावणीच्या दिवसांत पायाला जखम असताना चिखलात उतरू नका, लेप्टोचा धोका असतो. आशाताई प्रतिबंधक गोळ्या देतात त्या घ्या. दोडामार्ग, सावंतवाडीच्या बाजूला काजूच्या हंगामात माकडताप असतो. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवा.

९. पहिलं वर्ष कसं काढायचं

मे महिन्यात घराभोवतीची गटारं, वहाळी उपसून घ्या. घरावर वाकलेल्या फांद्या उतरवा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन-दिवेआगरच्या बागा आडव्या झाल्या, पुढच्याच मे महिन्यात तौक्ते आलं आणि अनेक गावांनी कितीतरी दिवस विजेविना काढले. टॉर्च, सुकं रेशन, पिण्याच्या पाण्याची कळशी भरलेली ठेवा. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा क्रमांक १०७७, तटरक्षक दलाचा १५५४. नुकसान झालं तर साफसफाईआधी फोटो काढा आणि तलाठ्याला कळवा, कारण पंचनामा झाल्याशिवाय मदत मिळत नाही. डोंगर-उताराला घर असेल आणि जमिनीला भेग दिसली, विहिरीचं पाणी अचानक गढूळ झालं, तर रात्रीची वाट न पाहता बाहेर पडा. २२ जुलै २०२१ ला महाडजवळच्या तळियेत दरड कोसळून काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

गणपतीनंतर पाऊस ओसरतो, व्हाळ अजून वाहता असतो. ऑक्टोबरपासून गावोगाव वनराई बंधारे घालायला सुरुवात होते. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत वाळू-माती भरून, शिवून, व्हाळात आडवी रचतात. सकाळी आठला सुरू झालेलं काम दुपारच्या जेवणापर्यंत उरकतं आणि मागे गुडघाभर पाणी साठतं. ते पाणी झिरपून खालच्या विहिरींना मिळतं. जिल्हा परिषद याचं उद्दिष्ट देते, पण पोती उचलतात वाडीतलीच माणसं, शाळेची पोरं आणि बचत गटाच्या बाया. बंधाऱ्याचा दिवस ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहितात किंवा वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतो. घर बांधताना उरलेली सिमेंटची पोती फेकली नसतील, तर झटकून बांधून ठेवा आणि त्या दिवशी फावडं घेऊन या.